न झालेल्या गोलांचे मानकरी

फुटबॉलविषयीचे बहुतेक लेखन गोल करणाऱ्यांविषयी असते, आणि उरलेले लेखन त्या गोल करणाऱ्यांना आपणच घडवले असे सांगणाऱ्या प्रशिक्षकांविषयी असते. स्वतःच्या पेनल्टी क्षेत्रात कपाळाला पट्टी बांधून उभा असलेला बचावपटू क्रीडावाङ्मयात सहसा एका वाक्यापुरता येतो, आणि त्या वाक्यात त्याची चूक सांगितलेली असते. प्रतिस्पर्ध्याला गोल करू न देणे हे ज्याचे काम तो बचावपटू, ही व्याख्या सोपी असली तरी व्यवसाय तितका सोपा नाही, कारण या कामाचे फलित डोळ्यांना दिसत नाही. आघाडीचा खेळाडू हंगामाअखेर आपले वीस गोल बोटांवर मोजून दाखवतो. बचावपटूला न झालेले गोल मोजावे लागतात, आणि न झालेल्या गोष्टींच्या आधारे पगारवाढ मागणाऱ्याकडे जगातला कोणताही मालक ज्या नजरेने पाहतो, त्याच नजरेने क्लबचा अध्यक्ष त्याच्याकडे पाहतो. लग्नघरातल्या आचाऱ्याप्रमाणे त्याची चौकशी मीठ जास्त पडल्यावरच होते. या विषयाच्या अभ्यासकाची अवस्थाही फारशी निराळी नाही. जे घडलेच नाही त्याची टिपणे काढत तो वर्षानुवर्षे बसतो आणि घरच्यांनी ‘आज काय झाले?’ असे विचारले, की ‘काही नाही’ असे प्रामाणिक उत्तर देतो.

ही जमात तिच्या मूळ वसतिस्थानात पाहायची तर इंग्लंडचा विचार करावा लागतो, कारण १८८८ साली सुरू झालेल्या तेथील फुटबॉल लीगमधून व्यावसायिक संघांच्या चार श्रेणी उभ्या राहिल्या आहेत. सर्वांत वर प्रीमियर लीगचे २० संघ, त्याखाली चॅम्पियनशिपचे २४, त्याखाली लीग वनचे २४ आणि तळाशी लीग टूचे २४ संघ, अशी ही रचना असून तिसऱ्या श्रेणीला ‘वन’ आणि चौथीला ‘टू’ म्हणण्यामागे कोणते गणित आहे हे समजून घेण्याच्या भानगडीत जाणत्या माणसाने पडू नये. मँचेस्टरजवळच्या रॉचडेल या गावाचा संघ १९७४ पासून २०१० पर्यंत सलग ३६ हंगाम चौथ्या श्रेणीत बसून होता. या काळात १९९२ साली प्रीमियर लीग वेगळी निघाल्यामुळे ‘चौथा विभाग’ हा ‘तिसरा विभाग’ झाला आणि २००४ सालच्या नामकरणात त्याचा ‘लीग टू’ झाला, म्हणजे जागचे न हलता रॉचडेल चौथ्यावरून तिसऱ्यावर आणि तिसऱ्यावरून दुसऱ्यावर आले. सरकारी खात्यांतही इतकी निर्वेध बढती क्वचितच पाहायला मिळते. खालच्या श्रेणीतील बचावपटूला या व्यवस्थेचा फायदा असा, की समारंभात एखाद्या लांबच्या मावशीने ‘हल्ली कुठे खेळतोस रे?’ असे विचारले तर ‘लीग टू’ एवढे बोलून त्याला थांबता येते, आणि वरून दुसरा का, मग ठीक आहे, असे मानून मावशीही थांबते.

ज्या स्वरूपात हा खेळाडू आज दिसतो ते स्वरूप त्याला त्याच्याच छळासाठी केलेल्या एका नियमातून मिळाले आहे. ऑफसाइड म्हणजे आक्रमक खेळाडूने चेंडू मिळण्याआधीच प्रतिपक्षाच्या मागे जाऊन दबा धरून बसू नये यासाठीचा नियम होय. १९२५ पर्यंत आक्रमक आणि गोलरेषा यांच्यामध्ये प्रतिपक्षाचे किमान तीन खेळाडू असावे लागत, आणि न्यूकॅसलचा बिल मॅक्रॅकेन हा बचावपटू नेमक्या क्षणी चार पावले पुढे सरकून समोरच्या संपूर्ण आघाडीला ऑफसाइडमध्ये अडकवण्यात इतका पटाईत झाला होता, की प्रेक्षकांना शिट्टी ऐकण्याखेरीज काम उरले नाही. अखेर तिनाचे दोन करण्यात आले. परिणामी पहिल्या विभागातील गोलांची संख्या एका हंगामात ११९२ वरून १७०३ वर गेली, सगळीकडे आनंदीआनंद झाला, आणि हा आनंद आवरण्यासाठी आर्सेनलच्या हर्बर्ट चॅपमन यांच्यासारख्या व्यवस्थापकांनी तोवर मैदानाच्या मधोमध मोकळेपणाने बागडणाऱ्या मध्यखेळाडूला मागे ओढून गोलासमोर उभे केले. पूर्वी तो खेळत असे. तेव्हापासून तो अडवतो.

या कामासाठी माणसे कशी निवडतात, हा स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे. नऊ वर्षांच्या कोणत्याही मुलाने मोठेपणी बचावपटू होण्याचे स्वप्न पाहिल्याचे ऐकिवात नाही. तो आघाडीवर खेळायला येतो, उन्हाळ्याच्या सुट्टीत अचानक उंच होतो, आणि शाळा उघडल्यावर क्रीडाशिक्षक त्याच्याकडे एकदा खालून वर पाहून ‘तू मागे उभा राहा’ असे म्हणतात.

‘सर, पण मी गोल करतो.’

‘म्हणूनच. गोल कसे होतात ते तुला ठाऊक आहे.’

या तर्काला उत्तर नसल्यामुळे तो मागे उभा राहतो आणि पुढची वीस वर्षे तिथेच असतो. बाजारात त्याची किंमत काय असते याचे पुरावे उपलब्ध आहेत. गॅरी पॅलिस्टर या मध्यबचावपटूला १९८४ साली मिडल्सब्रोने बिलिंगहॅम टाउन या छोट्या संघाकडून घेतले तेव्हा मोबदला म्हणून खेळाच्या कपड्यांचा एक संच, चेंडूंची एक पिशवी आणि गोलाची एक जाळी देण्यात आली. बचावपटू गेल्यावर जाळीचा वापर वाढणार, हे बिलिंगहॅमच्या व्यवहारी मंडळींनी ओळखले असावे. हाच पॅलिस्टर पाच वर्षांनी २३ लाख पौंडांना मँचेस्टर युनायटेडकडे गेला, परंतु अशी उदाहरणे अपवादात्मक असतात आणि खालच्या श्रेणीतील प्रत्येक बचावपटू ती तोंडपाठ ठेवतो. रुमानियातील एका बचावपटूला २००६ साली १५ किलो सॉसेजच्या बदल्यात विकल्याची बातमी देशोदेशी छापून आली होती. बदली झालेल्या खेळाडूने लगोलग खेळच सोडला, आणि आपला खेळाडूही गेला नि आठवड्याचे खाणेही गेले अशी विकत घेणाऱ्या क्लबची तक्रार असल्याचे त्याच बातमीत म्हटले होते. मटणाच्या भावाने माणूस मोजला जाणे अपमानास्पद खरे. तथापि भाव करणाऱ्याला निदान वजन तरी विचारावेसे वाटले, असेही त्याकडे पाहता येते.

प्रत्यक्ष काम तीन क्रियांत मावते : डोक्याने चेंडू परतवणे, पायाने चेंडू लांब पाठवणे, आणि या दोन्हींच्या दरम्यान शेजाऱ्यावर ओरडणे. चेंडू फार लांब का पाठवायचा, याला शास्त्रीय आधार आहे. चार्ल्स रीप हे ब्रिटिश हवाई दलातील हिशेबखात्याचे अधिकारी १९५० साली स्विंडनचा तिसऱ्या विभागातील एक सामना पाहताना इतके कंटाळले, की मध्यंतरानंतर त्यांनी खिशातून वही काढून प्रत्येक पासची नोंद करायला सुरुवात केली आणि पुढे अनेक दशके ती थांबवली नाही. बहुतेक गोल तीन किंवा त्याहून कमी पासांतून होतात, असा निष्कर्ष त्यांनी काढला. चेंडू एकमेकांना देत बसण्यापेक्षा तो पुढे भिरकावून द्यावा, असा त्याचा सोयीस्कर अर्थ अनेक व्यवस्थापकांनी लावला. दोन्ही संघांनी हे शास्त्र एकाच वेळी स्वीकारल्यास चेंडू दोन्हीकडच्या मध्यबचावपटूंच्या डोक्यांवरून ये-जा करू लागतो, बाकीचे अठरा खेळाडू माना वर करून पाहतात, आणि गवताची राखण करणारा कर्मचारी तेवढा समाधानी दिसतो. डोक्याने खेळण्याचे दुष्परिणाम ध्यानात आल्यामुळे २०२१-२२ च्या हंगामापासून सरावात जोरदार हेडर आठवड्याला दहापेक्षा जास्त घेऊ नयेत असे मार्गदर्शन इंग्लंडमध्ये लागू झाले आहे. सामन्यात किती घ्यावेत हे मात्र प्रतिस्पर्ध्याच्या मर्जीवर सोडलेले असल्याने आठवडाभर जपलेले डोके शनिवारी दुपारी पहिल्या पंधरा मिनिटांतच वर्षाचा हिशेब पुरा करते.

प्रेक्षकांचे मार्गदर्शन याखेरीज असते. खालच्या श्रेणीतील मैदाने लहान असल्यामुळे स्टँडमधील माणूस काय म्हणतो हे बचावपटूला शब्दशः ऐकू येते, आणि तो माणूस दर शनिवारी त्याच खुर्चीवर बसत असल्यामुळे दोघांमध्ये हळूहळू एक प्रकारचे कौटुंबिक नाते निर्माण होते.

‘अरे, पाठव की लांब! वाट कुणाची बघतोस?’

चेंडू लांब जातो.

‘हे काय? आंधळ्यासारखा फेकलास! जरा खेळायला काय होतं?’

पुढच्या वेळी बचावपटू खेळायला जातो, चेंडू जातो, गोल होतो, आणि आपण आधीच सांगितले होते याबद्दल त्या माणसाच्या मनात तिळमात्र शंका उरत नाही.

लीगचे ४६ सामने आणि त्यावर चषकस्पर्धा, एवढ्या हंगामात पिवळे कार्ड, म्हणजे पंचाने नोंदवलेली ताकीद, हे बचावपटूच्या नशिबी येतेच. पहिल्या १९ सामन्यांत पाच कार्डे जमली तर एका सामन्याची बंदी लागते. आणि चौथे कार्ड मिळालेला बचावपटू नेमका अठराव्या सामन्यात, नाताळच्या आसपास, फारशी गरज नसताना कोणाच्या तरी पायात पाय घालतो, याला योगायोग म्हणावे की गृहस्थाश्रम, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. प्रवासाचा त्रास यापुढे काहीच नाही असे वाटण्यापूर्वी नकाशा पाहावा. २०१४ ते २०१७ हे तीन हंगाम इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाजवळचे प्लिमथ आणि स्कॉटलंडच्या सीमेजवळचे कार्लाइल हे दोन्ही संघ लीग टूमध्ये होते, आणि या दोन गावांतील रस्ता सहाशे किलोमीटरांहून अधिक आहे. एवढे अंतर बसमध्ये गुडघे दुमडून काटायचे, पावसात ०–१ असे हरायचे आणि रात्री पेट्रोलपंपावरचे सँडविच खात परत यायचे, या क्रमाला करारपत्रात ‘व्यावसायिक फुटबॉल’ असे म्हटलेले असते. मैदानांच्याही तऱ्हा असत. २०१३ पर्यंत बार्नेट संघाचे घर असलेले अंडरहिल उतारावर वसलेले होते, त्यामुळे अर्धा सामना चढावर आणि अर्धा उतारावर खेळावा लागे. तर प्रेस्टनमध्ये १९८६ ते १९९४ या काळात गवताऐवजी प्लास्टिक अंथरलेले होते, ज्यावर घसरून चेंडू काढणाऱ्या बचावपटूच्या मांडीची साल मैदानावर राही आणि चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे जाई.

आता स्वयंगोलाकडे वळणे भाग आहे. आपल्याच गोलात चेंडू घालण्याच्या या प्रकारात ख्रिस निकोल यांच्याइतकी सर्वसमावेशक कामगिरी दुसऱ्या कोणाची नसेल. हॅलिफॅक्स आणि ल्यूटन अशी खालची पायवाट तुडवून ॲस्टन व्हिला संघात आलेल्या या मध्यबचावपटूने मार्च १९७६ मध्ये लेस्टरविरुद्धच्या सामन्यातील चारही गोल एकट्याने केले. त्यांपैकी दोन आपल्या संघासाठी आणि दोन प्रतिपक्षासाठी. सामना २–२ असा सुटला. एका माणसाने दोन्ही बाजूंना इतका निःपक्षपाती न्याय दिल्याचे उदाहरण न्यायव्यवस्थेतही विरळाच.

तथापि संघाला वाचवण्याचा परमोच्च बिंदू पाहायचा असेल तर ९ मे १९८७ या दिवशी टॉर्की या समुद्रकाठच्या गावी जावे लागते. त्यापूर्वी चौथ्या विभागात तळाला राहिलेल्या संघांना ‘फेरनिवडणूक’ नावाची सवलत असे, म्हणजे इतर क्लबांनी मतदान करून त्यांना आत ठेवायचे की बाहेर काढायचे हे ठरवायचे. आणि आज याची तर उद्या आपली पाळी या व्यावहारिक शहाणपणामुळे बहुतेकांना आत ठेवले जाई. १९८७ पासून मात्र शेवटचा संघ आपोआप बाहेर, असा नियम झाला. हंगामाच्या अखेरच्या दिवशी टॉर्की युनायटेड मध्यंतराला क्रूविरुद्ध ०–२ असे मागे होते. बचावपटू जिम मॅकनिकल याने फ्री किकवर एक गोल फेडला, पण तेवढ्याने भागणार नव्हते, आणि वेळ संपत आलेली असताना हा मॅकनिकल चेंडूच्या मागे सीमारेषेकडे धावत सुटला. तिथे ब्रिन नावाचा पोलिसी कुत्रा आपल्या हवालदारासोबत बंदोबस्तावर होता. अंगावर धावून येणारा माणूस हवालदारावर हल्ला करणार, असा कुत्र्याने आपल्या प्रशिक्षणानुसार अचूक अंदाज बांधला आणि मॅकनिकलच्या मांडीचा चावा घेतला. उपचारांसाठी खेळ थांबला, तेवढी मिनिटे पंचांनी भरपाई म्हणून वाढवली, आणि त्या वाढीव वेळेत पॉल डॉब्सनने बरोबरीचा गोल केला. टॉर्की आणि लिंकन सिटी यांचे गुण समान झाले, गोलफरकावर लिंकन बाहेर गेले आणि टॉर्की राहिले.

या घटनेचे विश्लेषण करताना श्रेयाची वाटणी पाहण्याजोगी आहे. गोल करणाऱ्या डॉब्सनचे नाव नोंदपुस्तकात गेले, आणि कुत्रा गावाचा लाडका झाला. ज्याने एक गोल केला आणि दुसऱ्यासाठी स्वतःचे मांस दिले त्या बचावपटूची ओळख ‘कुत्रा चावला तो’ अशी राहिली. कुत्र्याचेही काम अडवण्याचेच होते, ही गोष्ट मॅकनिकलला त्या वेळी कोणी समजावून सांगितली नसावी.

मराठी वाचकाला या साऱ्याशी आपला काय संबंध असे वाटू लागले असेल, तर त्याने पुण्याकडे पाहावे. कोंबडीच्या व्यवसायातील पुण्याच्या वेंकीज समूहाने २०१० साली ब्लॅकबर्न रोव्हर्स हा १८८८ च्या मूळ बारा संघांपैकी एक आणि १९९५ चा विजेता संघ विकत घेतला. लवकरच त्याचे खेळाडू कपडे बदलण्याच्या खोलीत कोंबडीच्या तंगड्या खाताना जाहिरातीत दिसू लागले. मे २०१२ मध्ये विगनविरुद्धच्या सामन्यात नाराज समर्थकांनी क्लबचा झेंडा पांघरलेली जिवंत कोंबडी मैदानात सोडली, आणि तिला कोणी ‘मार्क’ करायचे, म्हणजे कोणी चिकटून राहायचे, याबाबत बचावफळीत पूर्वनियोजन झालेले नसल्याचे स्पष्ट दिसले. त्याच सामन्यात अखेरीस विगनच्या अल्काराझने कॉर्नरवरून हेडर मारून ब्लॅकबर्नला खालच्या श्रेणीत पाठवले. तो स्वतः बचावपटू होता, ही त्यातली जखमेवर मीठ चोळणारी बाब. २०१७ साली ब्लॅकबर्न आणखी एक पायरी घसरून लीग वनमध्ये आले आणि वर्षभरात परतले, म्हणजे एक हंगाम पुणेकर मालकांना तिसऱ्या श्रेणीचा बचाव पोसण्याचा मान मिळाला. याच्या अगदी उलट टोकाला ग्लॉस्टरशायरमधील टेकडीवरचा फॉरेस्ट ग्रीन रोव्हर्स हा क्लब. २०१७ साली लीग टूमध्ये आलेल्या या क्लबात मांसच काय, दूधही निषिद्ध असल्याने सहा फूट तीन इंचांचे मध्यबचावपटू डाळी-कडधान्यांवर वाढले, आणि त्यांना समोरच्या संघातील मांसाहारी आघाडीपटू अडवता आले नाहीत असे काही दिसून आलेले नाही.

मे महिना आला, की क्लब ‘राखलेल्या खेळाडूंची यादी’ जाहीर करतो. तीत ज्याचे नाव नाही त्याचा करार ३० जूनला संपतो. १९६१ पर्यंत इंग्लंडमध्ये खेळाडूला आठवड्याला २० पौंडांपेक्षा अधिक पगार देण्यास बंदी होती, त्यामुळे बोलणी लवकर आटोपत. आता मर्यादा उठली आहे, आणि तरी तेवढ्याच लवकर आटोपतात.

‘या हंगामात तू फार भरवशाचा खेळ केलास,’ व्यवस्थापक म्हणतो.

‘धन्यवाद, साहेब.’

‘तुझ्याविषयी एकही तक्रार आली नाही. खरं म्हणजे तू आहेस हेच कुणाच्या लक्षात आलं नाही.’

‘हेच माझं काम ना?’

‘म्हणूनच मंडळाला वाटतं, की तू नसलास तरी चालेल.’

यानंतर बहुतेकांना दुसरा धंदा शोधावा लागतो, आणि शहाणे तो आधीच शोधून ठेवतात. स्टुअर्ट पिअर्स हा डावा बचावपटू वेल्डस्टोन या छोट्या संघात खेळत असताना विजेची कामे करत असे, आणि १९८५ साली नॉटिंगहॅम फॉरेस्टसारख्या बड्या क्लबात आल्यावरही त्याने सामन्याच्या छापील कार्यक्रमपत्रिकेत वीजदुरुस्तीची जाहिरात दिली होती. क्लबचा भरवसा नसतो, फ्यूज मात्र उडतच राहतो. बार्न्सली आणि विगनकडून खेळलेला डच मध्यबचावपटू आर्यन डी झेऊ पुढे पोलीस खात्यात तपास अधिकारी झाला, म्हणजे गुन्हा घडल्यानंतर पोहोचण्याची जुनी सवय कामी आली. हडर्सफील्डसाठी अनेक वर्षे दुसऱ्या विभागात झिजलेला आणि १९६६ चा विश्वचषक जिंकणारा डावा बचावपटू रे विल्सन याने अंत्यविधीची व्यवस्था पाहण्याचा व्यवसाय पत्करला; मागून ‘पुढे सरक!’ असे कोणी ओरडत नाही, असे त्याच्या आयुष्यातले ते पहिलेच काम असावे.

काही जण मात्र यादीतून सुटत सुटत टिकतात. स्कन्थॉर्प, ल्यूटन, प्रेस्टन आणि बर्नली अशा गावांतून हिंडलेला ग्रॅहम अलेक्झांडर हा प्रामुख्याने उजवा बचावपटू होता, पुढे वय वाढल्यावर त्याला मधल्या फळीत बढती मिळाली, आणि प्रीमियर लीगचे तोंड त्याने पहिल्यांदा पाहिले ते २००९ साली, वयाच्या ३७ व्या वर्षी. हजाराहून अधिक सामने खेळून तो एप्रिल २०१२ मध्ये प्रेस्टनकडून चार्ल्टनविरुद्ध अखेरचा उतरला आणि अगदी शेवटच्या क्षणी फ्री किकवर गोल करून मोकळा झाला. एकवीस वर्षांतला हाच क्षण आता सगळ्यांना आठवतो. सामना २–२ असा सुटला, म्हणजे चार्ल्टनचेही दोन गोल झाले होते, आणि ते कोणी होऊ दिले याची चौकशी स्टँडमधल्या त्याच खुर्चीवरून बचावफळीकडेच झाली असणार.